चौथ्या कोपऱ्याची हळद

फाल्गुन शुद्ध दशमी, गुरुवार. रक्कम तीन आणे. हजर माणसे: माझे वडील आप्पा, आई, आईचे भाऊ नेमूमामा, माझा धाकटा भाऊ बाबू, मी, आणि आमच्या सांगलीच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभा असलेला पोस्टमन. त्याच्या हातातले पाकीट आमचेच होते. मागच्या आठवड्यात आप्पांनी ते साताऱ्याला पाठवले होते आणि ते न उघडताच परत आले होते. त्यावर निळ्या पेन्सिलीने ‘वापरलेले तिकीट’ असे लिहिले होते, त्याखाली बेअरिंगचा शिक्का होता आणि कडेला ‘घेण्यास नकार दिला’ असा शेरा होता. तिकीट धरले नाही म्हणून दुप्पट आकार पडला. तो घेणाऱ्याने दिला नाही, तेव्हा आता पाठवणाऱ्याने द्यायचा.

“आप्पा, तीन आणं,” पोस्टमन खाली बघत म्हणाला. “माझं काय न्हाई ह्यात.”

“तिकीट लावलंय की रं त्याला. दिसत न्हाई व्हय?”

“दिसतंय. तेच तर वाईट झालं.”

आप्पांनी सवयीने कोनाड्यातला तंबाखूचा रिकामा डबा उघडला आणि त्यातली दोन तिकिटे काढून त्याच्यापुढे धरली. पोस्टमनने हात मागे घेतला. “आवं, तिकिटं नकोत. ह्यातलीच निघाली तर मला घरातनं भराय लागंल.” शेवटी आईने तांदळाच्या डब्यात हात घालून तीन आणे काढले आणि ते दिले. नेमूमामा गुळाच्या वसुलीसाठी गेले होते, ते त्याच सकाळी साताऱ्याहून आले होते. त्यांच्यापुढचा चहा निवत होता. पाकीट बघून त्यांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, “मला वाटलं, मी सांगायच्या आधी हे येऊ नये. पर आलंच.”

ते पत्र माझ्या लग्नाचे होते.

आमचे घर हळदीचे. आप्पांची बाजारात लहानशी अडत होती, आणि हरिपुरात भाड्याच्या दोन पेवांत माल उतरवलेला असे. पेव म्हणजे जमिनीखालचे तोंड निमुळते असलेले कोठार. त्यात हळद घालून तोंड लिंपले की ती वर्षावर्ष टिकते. फाल्गुन आला की घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडी पिंप फिरू लागे. दोन माणसे दोन बाजूंनी दांडा फिरवत आणि आत वाळकी हळकुंडे एकमेकांवर घासून चकचकीत होत. त्याची गडगड सकाळी उजाडल्यापासून सुरू होई आणि सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो की थांबे. जैनाच्या घरात दिवसाउजेडी जेवायचे, त्यामुळे पिंपाचा आणि पानाचा मेळ आपोआप बसलेला होता. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी आणि सणाला खपली गव्हाची हुग्गी, एवढेच जेवण. पण त्या दिवसांत सगळ्याला हळदीचा वास असे. पिंपाजवळ धूळ उडे ती भिंतीवर, तुळशीच्या पानांवर, शेळीच्या पाठीवर बसे. आप्पांची धोतरे कायम पिवळसर असत आणि धुणे हा आईचा रोजचा झगडा होता. पिवळा डाग साबणाला किंवा सोड्याला लागला की रक्तासारखा लाल होतो. मग तो उन्हात टाकायचा, ऊन त्याला खाऊन टाकते. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आणि तरीही, नेमके हवे तिथे आम्हा कुणालाच ते आठवले नाही.

लढाईचे दिवस होते. बाजारातून खुर्दा नाहीसा झाला होता. पैसा, ढब्बू, आणेली, जे हाती येईल ते लोक घरात दाबून ठेवत. सरकारने मधे भोक असलेला पैसा काढला, तोही गाडीच्या चाकाला वायसर म्हणून जातो अशी बोलवा होती. दुकानदार मोड म्हणून काहीही हातावर ठेवत. कुणी सुपारी देई, कुणी आगपेटी, कुणी नुसतीच चिठ्ठी. आमच्या समोरचा पानवाला मल्लाप्पा मात्र पोस्टाची तिकिटे देई. तिकीट कुठेही चालते, पत्राला लागतेच, म्हणून लोकांना ते बरे वाटे. आप्पांना तर फारच. ते रुपया देऊन पाने आणि तंबाखू घेत आणि उरलेल्याची तिकिटे आणून त्या डब्यात टाकत. प्रत्येक तिकीट ते आधी दाराशी नेऊन उजेडाकडे धरत. त्या वेळच्या तिकिटांच्या कागदात बारीक चांदण्या असत, त्या उजेडात उमटत. चांदण्या दिसल्या की आप्पा म्हणत, “अस्सल हाय,” आणि डबा बंद करत. नकली माल ओळखायची ही खूण त्यांना कुणीतरी सांगितली होती आणि ती खरीच होती. फक्त अस्सल कागदही एकदा वापरून झालेला असू शकतो, हे त्या खुणेला कळत नव्हते.

आता पाहुण्यांचे सांगते. मुलगा साताऱ्याच्या पोस्टात कारकून. मी पुढे आयुष्यभर त्यांना ‘हे’ म्हणत आले, तेव्हा इथेही तसेच लिहिते. ह्यांचे वडील निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. घर मूळचे आष्ट्याकडचे, नोकरीपायी साताऱ्यात स्थिरावलेले. नेमूमामांनी स्थळ आणले होते आणि माघात बाप-लेक मला बघायला सांगलीला येऊन गेले होते. मुलीला चालून दाखव, गाऊन दाखव, असले काही मास्तरांनी विचारले नाही. त्यांनी मला एक हिशेब घातला. हळदीचा मणाचा भाव सांगितला आणि साडेतीन शेरांचे किती होतील ते विचारले. मी विचारले, “मण सांगलीचा धरायचा का साताऱ्याचा? दोन्हीकडचा शेर सारखा नाही.” आईने आतून कपाळाला हात लावलेला मला दिसला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “प्रश्न अपुरा होता.” तेव्हा हे पहिल्यांदा हसले. तोवर ते खाली मान घालून पोह्यांतल्या मिरच्याच निवडत बसले होते. मला स्थळ पसंत होते की नाही हे कुणी विचारले नाही, पण विचारले असते तर मी त्या हसण्याकडे बोट दाखवले असते.

साताऱ्याहून होकार आला. सुपारी फोडायचा दिवस आम्ही कळवायचा होता. आप्पांनी पत्र लिहिले, मी पाकिटात घातले आणि डब्यातले दीड आण्याचे जांभळे तिकीट काढून लावले. आमच्यात शुभकार्याच्या पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना ओली हळद लावतात. कुंकू फक्त आत, मजकुराच्या माथ्यावर. आईने बोटाने चारी कोपरे रंगवले. तिकीट उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणून तिथली हळद थोडी तिकिटावर आली. ती ओली असतानाच बाबू पाकीट घेऊन पेटीकडे पळाला. त्या वेळी चारी कोपरे पिवळेच होते.

हे सगळे आठवत मी त्या गुरुवारी भिंतीला टेकून उभी होते आणि नेमूमामा बोलत होते.

“मास्तरांनी मला घरात बसवलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, नेमगोंडा, तुमच्या मेहुण्यांनी जुनं तिकीट लावलं, त्याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. चुकून होतं. पण जुना शिक्का दिसू नये म्हणून वर कुंकू फासलं. ही चूक नव्हे, ही अक्कल झाली. मंगलकार्याचं कुंकू असल्या कामाला वापरणाऱ्या घरातली मुलगी मला नको.”

“कुंकू?” आई म्हणाली. “कुंकू कुणी लावलं?”

“पोरानं बघितलं म्हणं सवता. पिशवीतनं पाकीट त्याच्याच हाताला लागलं. घरचा पत्ता, तरी शिक्का मारला त्यानं. मी विचारलं, गड्या, दीड आणा खिशातनं टाकून गप बसायचं न्हाईस? तर म्हणतो, मग दुसऱ्याच्या पाकिटावर शिक्का कोणत्या तोंडानं मारू?”

बाजारात आप्पांच्या तोंडच्या शब्दावर गाड्या उतरत, वजनाला दुसरा काटा कुणी मागत नसे. ते उठले, टोपी घातली, पुन्हा काढली. “बाजारात कळलं तर काय ऱ्हाईल?” एवढेच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हिचं दुसरीकडं बघाय लागंल.” बाहेर पिंप फिरत होते. मला त्या गडगडीचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

दुपारी सगळे कामाला गेल्यावर मी पाकीट घेऊन मागच्या दारात बसले. तीन कोपऱ्यांना हळद होती, वाळून फिकट झालेली. चौथ्या कोपऱ्यात, तिकिटाबाहेर कागदावर जेवढी होती तेवढी पिवळी, आणि जिथे ती तिकिटावर चढली होती तिथून पुढे तांबडी-तपकिरी. तिकिटाच्या दातऱ्या कडेपाशी रंग नेमका तुटत होता. कुंकू बोटाने लावले तर ते कडेपाशी थांबत नाही, बाहेरही सांडते. मी पाकीट मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर आई आप्पांचे धोतर सोड्यात घोळत होती. पाण्यावर लाल तवंग आला होता.

मी म्हणाले, “आई, तिकीट धुतलेलं आहे.”

“काय?”

“कुणीतरी सोड्यात धुतलंय. जुना शिक्का घालवायला. म्हणून आपली हळद त्याच्यावर लाल झाली. सोडा कागदात मुरलेला, तो ओलीत हळूहळू वर आला. आपण लावली तेव्हा पिवळीच होती.”

आईने हात न पुसताच पाकीट ओढले आणि त्याचा आणखी एक कोपरा तांबडा केला. मग तीच आत गेली आणि तंबाखूचा डबा घेऊन आली. आम्ही त्यातली निम्मी तिकिटे पाटावर मांडली, हळद कालवली आणि काडीने एकेका तिकिटाच्या पांढऱ्या कडेला टिपका दिला. एक पापड भाजून होईल एवढा वेळ काहीच झाले नाही. मग एकेक टिपका रंग बदलू लागला, जणू कुणी आतून दिवा लावत होते. सगळे नव्हे. काही शेवटपर्यंत पिवळे राहिले. पण बरेच लाल झाले, आणि लाल झालेली तिकिटे उलटून बघितली तर पाठीवरचा डिंकही वेगळा होता. पोस्टाच्या डिंकाला एकसारखी झिलई असते. ह्यांच्यावर तो घरी लावल्यासारखा, मधे जाड आणि कडेला नाही असा होता.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिकीट पोस्टाच्या खिडकीशिवाय कुठेही घेतलेले नाही. आता माझी मुले हसतात. आता कोण तिकीट धुतो, म्हणतात. कोण धुतो ते मला ठाऊक नाही. पण खिडकीवरून घेतलेल्या तिकिटाची पाठ बघायला वेळ लागत नाही, आणि कुणी रुपयाला सतरा आण्यांची तिकिटे देऊ लागला तर तो वरचा आणा कुठून येतो, हे विचारायला काही पडत नाही.

हे सतरा आण्यांचे मला संध्याकाळी कळले. आप्पा आले, त्यांनी पाट बघितला, आणि तसेच डबा घेऊन मल्लाप्पाच्या ठेल्यावर गेले. मी आणि बाबू खिडकीत होतो, रस्ता अरुंद, सगळे ऐकू येत होते.

“मल्लाप्पा, ही तिकिटं कुठनं आणलीस?”

“तिकिटं हाईत की, आप्पा. राजाचं तोंड हाय न्हवं त्यावर?”

“तोंड हाय. धुतलेलं तोंड हाय.”

“आवं, आपण बी रोज धुतोच की.”

आप्पा हसले नाहीत, तेव्हा मल्लाप्पाचे हसणे थांबले. मग सांगितले त्याने. महिन्या-दोन महिन्यांतून एक फिरता माणूस येई, पिशवीत सुटी तिकिटे, रुपयाला सतरा आण्यांची. व्यापाऱ्यांकडून उरलेली गोळा करतो म्हणे. मल्लाप्पाने चौकशी केली नाही. मोड मिळत नव्हती आणि वर आणा सुटत होता. आप्पांनी त्याला हळदीचा टिपका दाखवला. मल्लाप्पाने स्वतःच्या गल्ल्यातली तिकिटे काढून पानाच्या ओल्या फडक्यावर ठेवली आणि म्हणाला, “मला बी चुन्याच्या बोटानं पान लावताना बोटाची कालवणातली हळद लाल झालेली दिसती रोज. पर तिकिटाला कोण हळद लावतंय, आप्पा? तुमीच लावणार.” त्याने ती सगळी तिकिटे शेगडीत टाकली. आप्पांनी आपली टाकली नाहीत. त्यांना ती साताऱ्यात लागणार होती.

आप्पांनी ठरवले की लग्न जमो न जमो, पण मास्तरांच्या मनातले कुंकू पुसायचे. आणि टिपका मी लावायचा, कारण शोध माझा होता. नेमूमामा म्हणाले, “मुलीला घिऊन मुलाच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील?” आप्पा म्हणाले, “लोकांनी काय म्हणावं ते आधीच म्हणून झालंय.” आईने भाकऱ्या, चटणी आणि गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. आप्पा, मामा आणि मी मिरजेहून गाडीत बसलो. सातारा रोडला उतरून मोटारीने गावात पोचलो तेव्हा ऊन कलले होते आणि अजिंक्यताऱ्याची सावली पेठांवर यायला लागली होती. मी सांगलीच्या सपाटीवर वाढलेली. एवढा मोठा डोंगर गावाच्या इतक्या जवळ बसलेला बघून मला वाटले, इथे माणसाला खोटे बोलायला अवघड जात असेल. आता इतकी वर्षे त्याच डोंगराखाली राहिल्यावर सांगते, तसे काही नाही.

मास्तरांनी दार उघडले. कपाळाला आठी पडली, पण “या” म्हणाले. त्यांच्या पत्नीने पाय धुवायला पाणी दिले. हे नुकतेच कचेरीतून आलेले, कोट खुंटीला लावत होते. मला बघून ते कोट हातातच धरून उभे राहिले.

आप्पा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “मास्तर, सोयरिकीचं बोलाय आलो न्हाई. माझ्या घरात कुंकवानं शिक्का झाकला, असं तुमी म्हणालात. ते तसं न्हाई, एवढं दाखवून जातो.”

“दाखवा,” मास्तर म्हणाले.

मी पिशवीतून हळदीची पुडी काढली. मास्तरांनी हात वर केला. “ती नको. हळद आमच्या घरातली घ्या. पाणीही आमचंच. आणि तुमच्या डब्यातलं तिकीट मी निवडणार.” नेमूमामा पुटपुटले, “आता पाट बी तुमचाच घ्या.” मास्तरांनी ते ऐकले आणि खरोखरच आतून पाट मागवला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केले असते.

ह्यांनी मधे तोंड घातले. “एक नवं तिकीटही ठेवावं लागेल. नाहीतर हळद सगळ्याच तिकिटांवर लाल होते की काय, ते कसं कळणार?” आणि आपल्या पाकिटातून त्याच दिवशी खिडकीवर घेतलेले दीड आण्याचे तिकीट काढून त्यांनी पाटावर ठेवले. मास्तरांनी आमच्या डब्यातून टिपका न लागलेले एक उचलले. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हींवर राजाचे तोंड, उजेडाकडे धरली तर दोन्हींत चांदण्या. मी सासूबाईंच्या वाटीतली हळद कालवली आणि दोन टिपके दिले.

मग वाट बघणे आले. दोन्ही पिवळे. मास्तर घड्याळ काढून बसले. मामा खाकरले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “मुलीला बसू तरी द्या,” पण कुणी हलले नाही. आमच्या डब्यात चांगलीही तिकिटे होती, आणि मास्तरांनी नेमके चांगलेच उचलले असेल तर हा टिपका शेवटपर्यंत पिवळाच राहणार होता, आणि आम्ही आल्या पावली परत जाणार होतो. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते, आढ्याकडे बघत होते.

“बदलतोय,” हे म्हणाले.

डाव्या, म्हणजे आमच्या, तिकिटाचा टिपका कडेने तांबूस होऊ लागला होता. उजव्याचा जसाच्या तसा. आम्ही सगळे वाकलो. तांबडा रंग हळूहळू मधे सरकला आणि थोड्या वेळाने ते हुबेहूब कुंकू दिसू लागले. ह्यांनी आमचे परत आलेले पाकीट घेतले, खिडकीशी नेले आणि चौथा कोपरा बघितला. बराच वेळ बघितला. मग मला विचारले, “हळद लाल कशाने होते?”

“खाराने. सोडा, पापडखार, चुना, साबण. काहीही चालतं.”

“म्हणजे धुणाऱ्याने सोडा वापरला आणि तो नीट धुऊन काढला नाही.”

“घाईत असेल,” मी म्हणाले. “रुपयाला सतरा आण्यांची द्यायची होती.”

मास्तरांनी घड्याळ मिटले. “एक राहतंच,” ते आप्पांना म्हणाले. “तिकीट पोस्टातून का घेतलं नाही?”

“मोड नव्हती, मास्तर.”

“ते कारण झालं. उत्तर नव्हे.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “उत्तर न्हाईच.”

मास्तर आत वळून म्हणाले, “गूळ आणा. सूर्य बुडायला आला, मंडळींची पानं घ्या. आणि ते पाकीट इकडे द्या, मजकूर अजून मी वाचलेला नाही.” त्यांनी ते आमच्यासमोर फोडले, चष्मा लावून पत्र मोठ्याने वाचले आणि सुपारीचा दिवस मान्य असल्याचे तोंडी सांगितले. आप्पांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पण तो चघळायचे त्यांना सुचेना, गाल तसाच फुगलेला राहिला. सासूबाईंनी वांग्याची भाजी आणि भात वाढला. मी इतके जेवले की मामांनी मला कोपराने ढोसले.

रात्री आम्ही धर्मशाळेत उतरणार होतो. तिकडे निघताना ओट्यावर मी चपला घालत होते. हे पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि हळूच म्हणाले, “तो शिक्का मी पुन्हाही मारला असता.”

“मारायलाच पाहिजे,” मी म्हणाले. “तिकीट खोटंच होतं.”

आमचे लग्नाआधीचे एवढेच बोलणे. आजकालच्या मानाने ते फार थोडे वाटेल, पण मला ते अजून पुरते आहे.

दुसऱ्या दिवशी परतण्याआधी आप्पा स्वतः खिडकीवर गेले आणि लग्नपत्रिकांची सगळी तिकिटे रोखीने घेतली. खिडकीपलीकडे हेच होते. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. कामाच्या वेळी नातेवाईक नाही, ही गोष्ट सासऱ्या-जावयात तिथेच ठरून गेली. घरी आल्यावर आईने पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावली आणि वाळेपर्यंत बाबूला हात लावू दिला नाही. चारी कोपरे पिवळे. मग पेटीत.

लग्न वैशाखात सांगलीला झाले. मल्लाप्पाला आमंत्रण होते. त्याने पानसुपारीचा सगळा भार उचलला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पान देताना सांगत होता, “घ्या, हे धुतलेलं न्हाई.” पान धुतलेले नाही म्हटल्यावर दोघा-तिघांनी ते परत ठेवले. पिंप त्या दिवशी बंद होते आणि ती शांतता मला इतकी अनोळखी वाटली की मी मधेच दचकून कान देत होते.

कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि मनासारखे काही हातात पडेपर्यंत सोडायचा नाही. बाबूने ह्यांचा कान धरला. टोपी मागायची का घड्याळ, या विचारात तो असतानाच नेमूमामांनी मागून त्याच्या कानात काहीतरी सांगितले. बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “दाजी, तीन आणं द्या. बेअरिंगचं.”

मांडवात हसू पिकले. आप्पा तेवढे हसले नाहीत, ते बघत राहिले. ह्यांनी कान सोडवून घ्यायची घाई केली नाही. कान बाबूच्या हातात तसाच ठेवून त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “तीन आणे सरकारात जमा झाले, ते काही परत येत नाहीत. त्यातला दीड आणा पत्राचा. तो तुमचाच लागत होता.”

“मग दंडाचा?” मामा म्हणाले.

“दंडाचा दीड आणा नियमाने बरोबर होता. पण कुंकू म्हणालो ते माझं चुकलं. तो मी देतो.”

आणि सुटी नाणी नव्हतीच, म्हणून लग्नाच्या अंगरख्याच्या खिशातून त्यांनी दीड आण्याचे कोरे तिकीट काढून बाबूच्या तळहातावर ठेवले. सकाळी लावलेली हळद त्यांच्या बोटांवर अजून ओली होती. ती तिकिटाच्या कडेला लागली. आप्पा वाकले, आई वाकली, मास्तरांनी चष्मा लावला, मल्लाप्पा पानाचे तबक हातात घेऊन धावत आला, आणि भरल्या मांडवात आम्ही सगळे एका तिकिटाकडे बघत थांबलो. बाबू कान धरूनच उभा होता.

पिवळे राहिले. तेव्हा त्याने कान सोडला.

तर हिशेब असा. तीन आणे आप्पांच्या घरातून सांगलीच्या पोस्टमनला गेले. त्यापैकी दीड आणा माझ्या नवऱ्याने माझ्या भावाला परत केला, तिकिटाच्या रूपाने. बाबूने ते जपून वगैरे ठेवले नाही. मी साताऱ्याला आल्यावर मला माहेरचे पहिले पत्र आले, त्याला तेच होते, कडेला पिवळी हळद असलेले. हे ते पत्र कचेरीतून घरी घेऊन आले. दारात थांबून त्यांनी तिकीट उजेडाकडे धरले, कोपरा बघितला, आणि मग पाकीट माझ्या हातात दिले. त्याचे मला काही द्यावे लागले नाही.